स्वयंपाक एक, ताट ज्याचें त्याचें

आहार हा असा विषय आहे कीं, त्यावर अधिकारवाणीनें बोलण्यास कोणत्याहि अधिकाराची जरूर पडत नाहीं. लग्नाच्या पंगतींत, आगगाडीच्या डब्यांत, देवळाच्या ओट्यावर, आणि अलीकडे हातांतील भ्रमणध्वनीवर तर दिवसांतून दहा वेळां, आपण काय खावें हें कोणी ना कोणी आपणांस सांगत असतो. एक म्हणतो, दिवसांतून दोनदांच जेवा. दुसरा म्हणतो, दर दोन तासांनीं थोडें थोडें खा. एकाच्या मतें गहूं सोडावा, दुसऱ्याच्या मतें भात सोडावा, आणि तिसरा पहाटे उठून दुध्याचा रस स्वतः पितो व इतरांस पाजतो. ह्या सर्वांचा पुरावा एकच : "मला गुण आला." हे गृहस्थ खोटें बोलतात असें नव्हे, त्यांस गुण आलाहि असेल. घोटाळा आहे तो पुढच्या पायरीवर. "मला गुण आला, म्हणून तुम्हांसहि येईल" हें अनुमान खरें ठरण्यास दोघांचीं शरीरें एक असावीं लागतात, आणि तीं तशीं नसतात. न्यायशास्त्राच्या भाषेंत सांगावयाचें तर, येथें दृष्टांत आहे पण व्याप्ति नाहीं.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांस ठाऊक होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील पांचव्या अध्यायाचें नांव 'मात्राशितीय' असें असून, मापानें जेवणें हा त्याचा आरंभींचा विषय आहे. परंतु तें माप किती, ह्याचें उत्तर ग्रंथकार वजनांत देत नाहीं. तो तें खाणाऱ्याच्या जठराग्नीच्या बळावर सोंपवितो. जेवढें अन्न प्रकृतीस उपद्रव न देतां वेळच्या वेळीं पचेल, तेवढें त्या माणसाचें माप. पुढें विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायांत आहारासंबंधीं आठ गोष्टी पाहण्यास सांगितल्या आहेत : पदार्थाचा मूळ स्वभाव, त्यावरील संस्कार, इतर पदार्थांशीं संयोग, परिमाण, देश, काल, जेवण्याचे नियम, आणि आठवा 'उपयोक्ता', म्हणजे प्रत्यक्ष जेवणारा. पहिल्या सात गोष्टींची चर्चा आपण हौसेनें करितों. आठव्यास मात्र विसरतों. अर्थात् ह्यावरून चार प्रश्नांचीं उत्तरें लिहून आपली प्रकृति ठरवावी, आणि जन्मपत्रिकेप्रमाणें ती जन्मभर उराशीं धरून बसावें, असा अर्थ कोणीं घेऊं नये. अग्नीचें बळ वयाप्रमाणें व ऋतूप्रमाणें पालटतें, हेंहि त्याच शास्त्राचें म्हणणें आहे.

आतां आधुनिक शास्त्राची साक्ष पाहूं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्या दोघांचें एक छायाचित्र २००४ सालीं 'लॅन्सेट' ह्या सुप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. उंचीच्या मानानें वजन किती, हें दाखविणारा जो अंक डॉक्टर लोक काढतात, तो दोघांचाहि सारखाच, म्हणजे २२.३ होता. कांट्यावर उभें केलें असतां दोघेहि सारखेच प्रमाणशीर. परंतु शरीरांतील चरबी मोजली, तेव्हां युडकिन ह्यांच्या अंगीं ती ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगीं २१.२ टक्के भरली! आम्हां हिंदी लोकांची शरीरयष्टि बारीक दिसली तरी आंत चरबीचा सांठा अधिक असूं शकतो, आणि म्हणून "मी कांहीं लठ्ठ नाहीं, मला मधुमेह कशाला होईल?" हा भरंवसा फोल आहे, हें ह्या एका चित्रानें जगास दाखविलें. म्हणून वजनाबरोबर कमरेचा घेरहि मोजावा. आपल्याकडील पुरुषांत तो ९० सेंटीमीटरांहून व स्त्रियांत ८० सेंटीमीटरांहून अधिक भरल्यास सावध व्हावें.

दुसरी साक्ष इस्राएल देशांतील आहे. तेथील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनीं ८०० माणसांच्या अंगावर आठवडाभर रक्तशर्करा सतत मोजणारें लहानसें यंत्र लावून त्यांच्या जेवणांची नोंद ठेविली, व ती २०१५ सालीं प्रसिद्ध केली. कांहीं जेवणें मुद्दाम सर्वांस एकाच मापाचीं दिलीं होतीं. तोच पाव, तेवढाच पाव. पण एकाची साखर जेमतेम चढली, तर दुसऱ्याची पुष्कळ चढली. पदार्थ बदलला नव्हता, परिमाण बदललें नव्हतें; बदलला होता तो केवळ उपयोक्ता.

येथें कोणी चतुर वाचक म्हणेल, "ठीक आहे, मला श्रीखंड मानवतें आणि कारलें मानवत नाहीं, असें मीं आजपासून ठरवितों." मानवणें आणि आवडणें ह्यांत मोठें अंतर आहे. जिव्हा ही शरीराची वकील असेल, पण ती वैद्य नव्हे. कांहीं नियम सर्वांसच लागू आहेत : दिवसाचें मीठ, लोणचें-पापडांतील धरून, पांच ग्रॅमांच्या म्हणजे एका चहाच्या चमच्याच्या आंत असावें, साखर व तळण बेताचें असावें, डाळ, भाजी, फळ रोज पोटांत जावें, आणि अंगास श्रम असावे. व्यक्तिभेद आहे तो ह्या नियमांच्या चौकटींतील प्रमाणाचा. तंबोरा प्रत्येकानें आपल्या पट्टींत लावावयाचा असतो. परंतु पट्टी निराळी म्हणून बेसूर गाण्याची मुभा कोणासहि मिळत नाहीं.

आतां खरी अडचण सांगतों, आणि ती घरांत स्वयंपाक करणाऱ्यांस चांगली ठाऊक आहे. घरांत सहा माणसें. आजोबांस रक्तदाब, आजीस मधुमेह, मुलगा दिवसभर खुर्चीवर बसणारा, सून नोकरी करून घर सांभाळणारी, नात वाढत्या वयाची, नातू चार वर्षांचा. सहा शरीरांसाठीं सहा स्वयंपाक कोण करणार? आणि केले तर एकत्र बसून जेवण्यांतील गोडी ती काय राहिली? पथ्याचें ताट निराळें मांडलें कीं, त्या माणसास आपण घरांतून वेगळे काढले गेलों असें वाटूं लागतें, आणि मग तो चोरून फराळाच्या डब्यांत हात घालतो. पथ्य मोडण्याचें खरें कारण पुष्कळदां जिभेची लालसा हें नसून हा एकटेपणा असतो.

ह्या अडचणीवरील तोड आपल्या ताटांतच आहे. मराठी ताट हें एकाच पदार्थाचा ढीग नव्हे. डाव्या बाजूस मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजव्या बाजूस भाजी, आमटी. मध्यें भात-वरण, पोळी अथवा भाकरी. प्रत्येक पदार्थ निराळा वाढला जातो, म्हणजे प्रत्येकाचें प्रमाण निराळें ठेवितां येतें. स्वयंपाक एकच करावा; निवड वाढतांना करावी. त्यासाठीं स्वयंपाकांत एवढीच दक्षता हवी कीं, जें मागाहून घालतां येतें तें आधीं घालूं नये. मीठ बेतानें घालावें, ज्यास हवें त्यानें पानांतलें घ्यावें. आमटींत गूळ घालण्यापूर्वीं एक वाटी बाजूस काढावी. मिरचीची फोडणी देण्यापूर्वीं मुलापुरतें साधें वरण काढून ठेवावें. तूप भातावर पडावें, भातांत नव्हे. एवढें केलें कीं, एकाच भांड्यांतून सहा ताटें निघतात.

आजीच्या ताटांत भाताची मूद लहान आणि वरण, उसळ, पालेभाजी मोठी असावी. प्रथम भाजी-कोशिंबीर व वरण खाऊन भात-पोळी मागाहून घेतल्यास जेवणानंतरची साखर पुष्कळांत कमी चढते. मात्र मधुमेह्याच्या बाबतींत अति खाण्याइतकेंच न खाणेंहि घातक होऊं शकतें. रक्तांतील साखर उतरविणाऱ्या कांहीं गोळ्या व इन्सुलिन घेणाऱ्या माणसानें दोन जेवणांतील अंतर एकाएकीं वाढविलें, वा निर्जळी एकादशी केली, तर साखर एकदम खालीं जाऊन घाम, थरकांप, घेरी, क्वचित् बेशुद्धि येते. उलट फराळाची एकादशी केली तर साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यावर बटाटा, रताळें आणि गोड दहीं! 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण हंसण्यासाठीं झालेली असली, तरी मधुमेह्याच्या घरीं ती हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. उपास करावयाचाच असेल तर औषधाच्या वेळा व मात्रा आधीं डॉक्टरांकडून बदलून घ्याव्या. देवास ह्याचा राग येईल असें मला वाटत नाहीं.

माझ्या परिचयाच्या एका घरीं सासूबाईंच्या पायांस मुंग्या येत, तोल जाई, नांवें आठवत नसत. "आतां वयच झालें," असें सर्वांनीं, त्यांनीं स्वतःदेखील, ठरवून टाकिलें होतें. त्या पूर्ण शाकाहारी. दूध आवडत नाहीं म्हणून कोरा चहा घेणाऱ्या. आणि मधुमेहासाठीं मेटफॉर्मिन कित्येक वर्षें चालू. एका तरुण डॉक्टरांनीं रक्तांतील ब-१२ जीवनसत्त्व तपासविलें, तें फारच कमी निघालें. हें जीवनसत्त्व धान्यांत, डाळींत, भाजींत मिळत नाहीं. मांस, मासे, अंडीं आणि दूधदुभतें हींच त्याचीं स्थानें. पुण्यांतील संशोधनांतहि ही उणीव आपल्या लोकांत मोठ्या प्रमाणावर आढळलेली आहे. त्यांत मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या अंगीं तें कमी मुरतें. इंजेक्शनें झालीं, ताक व दहीं रोज सुरू झालें. चार-सहा महिन्यांत त्या आधाराशिवाय अंगणांत फिरूं लागल्या. त्याच घरांत, त्याच स्वयंपाकावर, त्यांच्या यजमानांस असला कांहींच त्रास नव्हता. कारण ते रोज दोन पेले दूध घेत, आणि ती गोळी घेत नसत. सर्वांत वाईट गोष्ट ही कीं, जें सुधारतां येण्याजोगें होतें त्यास म्हातारपण हें नांव मिळालें होतें.

वृद्धांच्या ताटाविषयीं आणखी एक सूचना. म्हातारपणीं भूक मंदावते, दांत जातात, आणि मऊ भात, चहा-बिस्किट व दोन घांस पोळी ह्यांवर दिवस निघतो. पोट भरतें, पण मांस झडतें. प्रौढ माणसास वजनाच्या दर किलोस सुमारें ०.८३ ग्रॅम प्रथिन लागतें. पन्नास किलो वजनास एकेचाळीस-बेचाळीस ग्रॅम. वृद्धांस ह्याहून थोडें अधिकच द्यावें, असें पुष्कळ तज्ज्ञांचें मत आहे. तीस ग्रॅम कोरड्या तुरीच्या डाळींत साडेसहा ग्रॅमांच्या आसपास, आणि दोनशें मिलिलिटर दुधांत तितकेंच प्रथिन असतें. म्हणजे पातळ वरणाच्या दोन पळ्यांनीं भागत नाहीं, हा हिशेब कोणासहि करितां येईल. मऊ भात द्या, पण त्यांत मुगाची डाळ घट्ट असूं द्या. वर दहीं अथवा मेतकूट असूं द्या. ज्यांचीं मूत्रपिंडें दुबळीं झालीं आहेत त्यांचें प्रथिनाचें माप मात्र डॉक्टरच ठरवितील.

लहान मुलाची गोष्ट ह्याच्या उलट आहे. त्याचें पोट लहान व गरज मोठी, म्हणून तें वारंवार खातें. त्यास मोठ्यांचें 'कमी तूप, कमी खाणें' लावणें अन्यायाचें होय. भातावर तूप, शेंगदाण्याचा लाडू, दूध, केळें ह्यांवर त्याचा हक्क आहे. पुड्यांतल्या खाऱ्या व गोड वस्तूंवर नाहीं.

कांहीं शरीरांस तर दुसऱ्याचें अमृत हें विषासमान ठरतें. शहाळ्याचें पाणी गुणकारी खरें. परंतु मूत्रपिंडाच्या रोग्यास त्यांतील पोटॅशियम अपाय करूं शकतें. रक्तदाबासाठीं म्हणून बाजारांत मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठांत बहुधा पोटॅशियम असतें. तेंहि अशा रोग्यानें, व रक्तदाबाचीं कांहीं औषधें घेणारांनीं, विचारल्यावांचून घेऊं नये. रक्त पातळ राहण्यासाठीं वॉरफॅरिन घेणाऱ्यानें पालेभाजी सोडूं नये, पण एक आठवडा शून्य व दुसरा आठवडा रोज, असेंहि करूं नये. प्रमाण स्थिर ठेवावें. प्रौढपणीं दूध न पचणें हा पुष्कळांच्या आंतड्यांचा स्वभावच आहे. अशांस दहीं व ताक बहुधा चालतें. आणि ज्या थोड्या माणसांस सीलिॲक रोगामुळें गहूं खरोखर वर्ज्य आहे, त्यांच्यासाठीं ज्वारी, बाजरी, तांदूळ, नाचणी आपल्या घरीं पूर्वींपासून आहेतच. परंतु त्यांना वर्ज्य म्हणून शेजाऱ्यानेंहि गहूं टाकावा, ह्यांत अर्थ नाहीं.

मग आपलें शरीर ओळखावें कसें? मी जन्मभर वह्या तपासल्या, म्हणून वहीचाच उपाय सुचवितों. पंधरा दिवस, जें खाल्लें तें व त्याचें प्रमाण लिहावें. पुढें झोंप, पोट, थकवा ह्यांची एका शब्दांत नोंद करावी. मधुमेह्यानें जेवणास आरंभ केल्यापासून दोन तासांनीं साखर मोजून तो अंक लिहावा. एके दिवशीं भाताच्या जेवणानंतर, दुसऱ्या दिवशीं भाकरीच्या. वर्षांतून एकदां रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, आणि डॉक्टरांनीं सांगितल्यास ब-१२ तपासावें, व तीं पानें त्याच वहींत चिकटवावीं. ही वही डॉक्टरांपुढें ठेविली कीं, त्यांस तुमच्याविषयीं जें दिसेल तें शंभर लोकांच्या अनुभवांतहि सांपडणार नाहीं.

आतां पंगतींतील आग्रहाविषयीं. "माझ्यासाठीं एकच घ्या," असें म्हणून जिलबी पानांत टाकणारा प्रेमळ असतो, ह्यांत शंका नाहीं. परंतु तें प्रेम दुसऱ्याच्या शरीरास न विचारतां केलेलें असतें. 'नको' हा शब्द एकदां उच्चारला असतां तो ऐकूं यावा, एवढा पालट आपल्या आतिथ्यांत झाला पाहिजे.

शेवटीं त्या सहा ताटांतील ज्या एका ताटाचा उल्लेख मीं मुद्दाम मागें ठेविला, त्याकडे वळतों. तें ताट वाढणारीचें. पुष्कळ घरांतून अद्यापि तें सर्वांच्या मागून मांडलें जातें, आणि त्यांत जें उरलें तें पडतें. भाजी संपलेली असते, वरणाचा तळ असतो, कोशिंबिरीचें भांडें धुऊन पालथें घातलेलें असतें. भात व पोळी मात्र उरते. आतां अंक पाहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२० सालीं जीं प्रमाणें दिलीं, त्यांत बैठें काम करणाऱ्या पुरुषास दिवसास २११० व स्त्रीस १६६० कॅलरी सांगितल्या आहेत. म्हणजे स्त्रीचें अन्न पुरुषाच्या सुमारें चार-पंचमांश. पण लोह पुरुषास १९ मिलिग्रॅम, तर स्त्रीस २९, म्हणजे दीडपट. भूक कमी आणि लोहाची गरज अधिक : तेव्हां तिच्या प्रत्येक घांसांत इतरांच्या घांसाहून अधिक सत्त्व असावयास हवें. आपण नेमकें उलट करितों. ज्यांत लोह आहे ती पालेभाजी व उसळ इतरांस, आणि ज्यांत तें थोडें तो पांढरा भात तिला. २०१९ ते २०२१ ह्या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत पंधरा ते एकूणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांपैकीं ५७ रक्तक्षयी आढळल्या, तर त्याच वयाच्या शंभर पुरुषांपैकीं २५. ह्या अंकाचीं कारणें अनेक आहेत; परंतु त्यांपैकीं एक आपल्याच पंगतींत, आपल्या डोळ्यांदेखत बसलेलें आहे. ती थकते, चिडते, जिना चढतांना दम लागतो, आणि आपण म्हणतों, "हिचा स्वभावच तसा."

उपाय अवघड नाहीं. स्वयंपाक होतांच तिची भाजी, उसळ, वरण आधीं झांकून ठेवावें; अथवा त्याहून बरें म्हणजे सर्वांनीं एकदम बसावें आणि ज्यास जें हवें तें त्यानें उठून घ्यावें. पुरुषांच्या हातांत डाव शोभत नाहीं, असें कोणत्याहि धर्मशास्त्रांत माझ्या वाचनांत आलेलें नाहीं; उलट आमच्याकडील मोठ्या पंगतींत वाढपी पुरुषच असत. तिच्या पानांत लिंबाची फोड आठवणीनें असावी, कारण आंबट फळांतील जीवनसत्त्वानें लोह अंगीं लागतें. आणि जेवणावर लगेच चहा नसावा, कारण चहानें तें अडतें. अळीव, तीळ, बाजरी ह्यांचा उपयोग करावा. परंतु हिमोग्लोबिन बारांच्या बरेंच खालीं असेल तर लाडवांवर विसंबूं नये. लोहाच्या गोळ्या घ्याव्या, त्या डॉक्टर सांगतील तितके महिने घ्याव्या, आणि मूळ कारण शोधावें.

वाचकांस माझी एवढीच विनंति आहे कीं, आज रात्रीं जेवतांना आपल्या ताटाकडे नव्हे, तर शेवटीं बसणाऱ्या व्यक्तीच्या ताटाकडे एकवार पाहावें. त्यांत काय आहे, आणि त्यांत काय असावयास हवें होतें, हें ध्यानांत आलें, म्हणजे पुढील महिन्याच्या लेखाची वाट न पाहतां पुष्कळ काम होऊन जाईल.